ग्रुपवर गटाराचा विषय

फोटो सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. फुटपाथवरचं गटार, झाकण गायब, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून कुणीतरी आत खोचून ठेवलेली झाडाची फांदी. खाली एकच ओळ : "बाबांना घेऊन चालले होते, थोडक्यात वाचलो." पाठवणारी आमच्या शाळेच्या ग्रुपमधली मैत्रीण. ग्रुपवर आम्ही तेवीस जण, आता सात-आठ शहरांत पांगलेले. पुढच्या वीस मिनिटांत काय काय आलं ते नंतर मी मुद्दाम वर जाऊन पुन्हा वाचलं. चार लालबुंद चेहरे. "बापरे." "जपून गं." "कर भरायचा आपण आणि पडायचंही आपणच." मग एकाने आत्ता सत्तेत असलेल्या पक्षाचं नाव काढलं, लगोलग दुसऱ्याने आधी सत्तेत असलेल्या पक्षाचं, आणि ॲडमिनने शिट्टी फुंकली : "मंडळी, नियम आठवा. ग्रुपवर राजकारण नको." तेवढ्यात कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि ती फांदी शुभेच्छांखाली गाडली गेली.

ॲडमिनवर माझा राग नाही. हा नियम हवेतून आलेला नाही. एका निवडणुकीच्या काळात ग्रुपवरचे दोन बालमित्र एकमेकांना नको नको ते बोलले, एक जण ग्रुप सोडून गेला आणि त्याला परत आणायला वर्ष लागलं. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो, हे समजू शकतं. आम्ही मात्र ताक पिणंच सोडून दिलं. पाणी, कचरा, दवाखान्यातली रांग, बसथांब्यावरचा अंधार, सगळं 'राजकारण' या एका डब्यात कोंबलं आणि वर झाकण लावलं. (गटाराला नाही मिळालं, याला मिळालं.)

मित्रमंडळींच्या ग्रुपवरचा हा नियम चुकीचा आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. गटार राजकारणाच्या बाहेर असतं म्हणून नव्हे. कुठल्या रस्त्याचं झाकण आठवड्यात बसतं आणि कुठल्या वस्तीला वर्षभर फांदीवर भागवावं लागतं, हे राजकारणच आहे, दुसरं काय? पण 'यात दोष कुणाचा' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकजण घरूनच घेऊन येतो. ते तयार असतं, इस्त्री करून ठेवलेलं. 'हे झाकण बसेल कसं' याचं उत्तर मात्र तेवीसजणांत एकाकडेही पूर्ण नसतं. कुणाला थोडं ठाऊक असतं, कुणाला त्याहून थोडं जास्त. पहिल्या प्रश्नावर भांडण होतं, दुसऱ्यावर बोलणं होतं. ॲडमिनला शिट्टी वाजवायचीच असेल तर ती या दोन प्रश्नांच्या मधे वाजवावी. विषयावर बंदी घालून काय साधतं?

बंदीने माणसं विषय सोडत नाहीत, फक्त तो आतल्या आवाजात बोलू लागतात. नीना एलियासोफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी स्वयंसेवकांच्या, छंदिष्टांच्या आणि कार्यकर्त्यांच्या गटांत बराच काळ वावरून १९९८ साली यावर लिहिलं. त्यांना दिसलं ते आपल्या अपेक्षेच्या उलटं होतं. माणसं खाजगीत, दोघा-तिघांत, मोठ्या प्रश्नांवर विचारपूर्वक बोलत. आणि तीच माणसं चारचौघांत आली की 'आपल्याला काय, आपलं घर बरं' असा आव आणत. म्हणजे चाड नव्हती असं नाही. ती बोलून दाखवणं अवघडल्यासारखं वाटत होतं. आमच्या ग्रुपवरही त्या सकाळी फोटो गाडला गेल्यावर मला तीन वेगळे, खाजगी मेसेज आले, तिघांचेही त्याच गटाराबद्दल. एकाने लिहिलं होतं, "ग्रुपवर नको, पण तुला सांगतो..." आणि पुढे चांगला सविस्तर, कामाचा मजकूर. ग्रुपवर ज्याने लाल चेहरा टाकून विषय संपवला होता, तोच हा.

जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली याच्या मुळाशी असलेली भीती मांडली : आपलं मत चारजणांत एकटं पडेल असं वाटलं की माणूस गप्प बसतो, तो गप्प म्हणून दुसरा गप्प, आणि मौनाला वळसे पडत जातात. इंटरनेट आल्यावर हे मौन सुटेल अशी पुष्कळांना आशा होती. २०१४ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या १,८०१ प्रौढांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. विषय होता अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने सरकारी पाळतीबद्दल फोडलेली माहिती. समोरासमोर या विषयावर बोलायला ८६ टक्के लोक तयार होते. फेसबुक-ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला तयार होते फक्त ४२ टक्के. आणि लिहायला तयार कोण? आपले मित्र आपल्याशी सहमत आहेत असं ज्यांना वाटत होतं, ते जास्त. थोडक्यात, जिथे सगळे 'हो हो' म्हणणार तिथे तोंड उघडायचं. ऑनलाइन सगळे फार बोलतात ही आपली तक्रार असते, पण मला दिसतं ते असं की थोडे फार बोलतात आणि बाकीचे वाचून खाली सरकतात.

मग मित्रांचाच ग्रुप का? मोठे, अनोळखी ग्रुप आहेतच की. व्हॉट्सॲपवर एका ग्रुपची मर्यादा आधी २५६ होती, २०२२ मध्ये ती १,०२४ वर गेली. हजार माणसांच्या ग्रुपवर गटाराचा फोटो आला तर तो कुठल्या गावचा, कधीचा, हे कोण विचारणार? विचारलं तर 'तुम्ही त्यांच्या बाजूचे का' हे ऐकावं लागतं. मित्राला मात्र सरळ विचारता येतं, "अरे, हा फोटो तू काढलास का?" आणि तो "नाही, आला तो पुढे ढकलला" असं लाज न वाटता सांगू शकतो. कोण राईचा पर्वत करतो, कोण पर्वताचीही राई करून सांगतो, हे पस्तीस वर्षांच्या ओळखीत पाठ झालेलं असतं. आमच्यातल्या एकीने "भयंकर" लिहिलं की आम्ही तो शब्द निम्मा करून घेतो. दुसऱ्या एकाने "जरा प्रॉब्लेम आहे" लिहिलं की लगेच फोन करतो. अशी मापं अनोळखी गर्दीत मिळत नाहीत. त्याहून महत्त्वाचं, मित्रांसमोर 'मला माहीत नाही' म्हणता येतं. नागरी प्रश्नांवरच्या जाहीर चर्चांत हे एक वाक्य मी फार क्वचित ऐकलंय.

दुसरी गोष्ट पांगलेपणाची. एकाच गल्लीतली माणसं एकाच गल्लीची रड गातात आणि हळूहळू ती रड निसर्गनियम होऊन बसते, 'इथे हे असंच'. आमच्या ग्रुपवर संध्याकाळी मी तो फोटो पुन्हा वर काढला आणि एवढंच विचारलं : तुमच्याकडे झाकणं कशाची आहेत? पक्षाचं नाव घ्यायला त्यात जागाच नव्हती. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकाने बिल्डिंगखाली उतरून फोटो टाकला : सिमेंटचं झाकण, एका कोपऱ्यात तडा. दुसरीकडून ओतीव लोखंडाचं, बिजागरी असलेलं. तिसरीकडून करड्या रंगाचं, हलकं, फायबरचं. मग रस्त्यांच्या कामात आयुष्य घातलेला आमचा एक मित्र, जो एरवी फक्त अंगठा दाखवतो, तो बोलू लागला.

त्याने जे सांगितलं ते मी इतकी वर्षं रस्त्यावरून चालत असून मला ठाऊक नव्हतं. लोखंडी झाकण जड आणि टिकाऊ, पण भंगारात त्याला भाव येतो म्हणून ते चोरीला जातं. फायबरचं वितळवून विकता येत नाही, म्हणून चोर त्याच्या वाटेला जात नाही. सिमेंटचं स्वस्त, पण एखादा ट्रक फुटपाथवर चढला की खेळ खलास. बिजागरी असली तर झाकण उचलून नेणं अवघड. आणि रस्त्यांवरची झाकणं खड्ड्यासारखी का वाटतात? तर रस्त्यावर दर वेळी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता वर येतो आणि झाकणाची चौकट होती तिथेच राहते. ती वर उचलून बसवणं हे वेगळं काम, त्याची कामाच्या यादीत वेगळी ओळ लागते. ओळ नसेल तर ठेकेदार का उचलेल? "तक्रार करताना नुसतं झाकण नाही म्हणू नका," त्याने लिहिलं, "चौकट शाबूत आहे का ते बघा. चौकट गेली असेल तर नुसतं झाकण आणून टाकतील आणि ते आठवड्यात आत पडेल." मैत्रीण रात्री बॅटरी घेऊन चौकट बघून आली. एका बाजूने तुटलेली होती.

असल्या बोलण्याला गप्पा म्हणून हिणवलं जातं. रोजच्या जगण्याच्या गप्पा वेगळ्या आणि 'नागरी प्रश्नांवरील विचारमंथन' वेगळं, अशी एक वाटणी आपण करून टाकलीय, तीच मला मान्य नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं चालणं, चालायला नीट नसलेला फुटपाथ, हे एकाच वाक्याचे तुकडे आहेत. गुडघ्याची चौकशी चालते आणि फुटपाथची चालत नाही, हा कसला नियम?

या बाबतीत मला एक जुनी गोष्ट फार मोलाची वाटते. वेबही नव्हतं तेव्हाची. फेब्रुवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने रहिवाशांसाठी एक संगणकी जाळं सुरू केलं, नाव पेन. घरून मोडेम लावून त्यात शिरता येई, आणि ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांच्यासाठी ग्रंथालयांसारख्या सार्वजनिक जागी टर्मिनल ठेवलेले होते. पालिकेला वाटलं असेल, लोक बिलं आणि कार्यालयाच्या वेळा विचारतील. लोक एकमेकांशीच बोलू लागले. आणि ग्रंथालयातल्या त्या टर्मिनलवर येऊन बसू लागली बेघर माणसं. पडद्यावर सगळ्यांची अक्षरं सारखीच. कपडे मळके आहेत की स्वच्छ हे त्यात दिसत नाही. शहरात बेघरांचा प्रश्न तापलेला होता, आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं तेच बोलण्यात आले होते.

घरं असलेल्यांनी विचारलं, तुम्ही काम का शोधत नाही? उत्तर फार साधं आलं : मुलाखतीला जायचं तर आधी आंघोळ कुठे करायची, कपडे कुठे धुवायचे आणि पाठीवरचा संसार तेवढा वेळ कुठे ठेवायचा? हे उत्तर कुठल्याही अहवालात सुचलं असतं असं मला वाटत नाही, कारण ते रोजच्या जगण्यातून आलेलं होतं. त्यातून लोकांचा एक कृती गट उभा राहिला, त्याने स्नानगृह, कपडे धुण्याची यंत्रं आणि सामानाची कपाटं या तीन गोष्टी एकत्र मागितल्या. तिन्हींच्या इंग्रजी नावांची अक्षरं जोडून 'श्वॉशलॉक' असं एक गमतीदार नाव योजनेला दिलं, आणि ती पालिकेच्या गळी उतरवली.

इथे थांबले तर ही परीकथा होईल. पेनवर पुढे काय झालं तेही तितकंच बोलकं आहे. थोडेच लोक बहुतेक मजकूर लिहू लागले, त्यातले काही जण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ लागले. लिहिणाऱ्या बायकांचा छळ होऊ लागला तेव्हा त्यांनी 'पेन फेम' (फेम म्हणजे फ्रेंचमध्ये बाई) नावाची स्वतःची फळी बांधली. (वाचून नवल वाटलं नाही. साल तेवढं जुनं.) लोकप्रतिनिधी शिव्या खाऊन बाजूला झाले. ज्या माणसांकडे सांगण्यासारखं होतं ती आधी गेली, ज्यांना फक्त बोलायचं होतं ती राहिली. तेव्हा आमच्या ॲडमिनची भीती खोटी नाही. पण उपाय काय? पेनने बेघरांचा विषय बंद केला असता तर भांडणं थोडी कमी झाली असती कदाचित, आणि स्नानगृहं नक्कीच झाली नसती.

भांडणाची भीती आपण वाजवीपेक्षा जास्त बाळगतो. माझ्या मते मित्रांच्या ग्रुपवरचा खरा धोका वेगळा आहे आणि तो आम्ही स्वतःच भोगला. झाकणांचे फोटो, चौकटीची माहिती, रात्रीची बॅटरी, सगळं झालं. ग्रुप नुसता उसळत होता. तक्रारीचा मजकूर आमच्यातल्या वकिलीणबाईंनी लिहून दिला, दोघांनी त्यात दुरुस्त्या केल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकरा दिवसांनी मी सहज विचारलं, "काय झालं गं त्या तक्रारीचं?" मैत्रीण म्हणाली, "मला वाटलं, वकिलीणबाईंनी पाठवली." वकिलीणबाई म्हणाल्या, "मी कशी पाठवणार, पत्ता तुझा. तूच पाठवलीस ना?" रस्त्यांच्या कामातल्या मित्राला वाटलं मी पाठवली. मला वाटलं त्याने. तक्रार कुणीच केली नव्हती. फांदी तेवढ्यात वाळून गेली होती, तिच्या जागी कुणीतरी रंगाचा रिकामा डबा ठेवला होता.

याला बेजबाबदारपणा म्हणून मोकळं होता येत नाही. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं, बोलणं फक्त इंटरकॉमवरून, एकेकाने पाळीपाळीने. कुणी कुणाला दिसत नाही. मधेच एकाला झटका आल्याचा आवाज येतो. प्रत्यक्षात ती ध्वनिमुद्रित फीत असते. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले ८५ टक्के झटका ओसरण्याआधी मदत मागायला बाहेर पडले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. आणि न उठलेले निर्विकार होते असं मुळीच नाही. त्यांचे हात थरथरत होते, प्रयोग घेणारा खोलीत आला की 'तो बरा आहे ना' असं विचारत होते. वेगवेगळ्या खोल्या, पाळीपाळीने आवाज, चेहरे अदृश्य. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी या दोघांनी व्हॉट्सॲप ग्रुपच बांधून पाहिला होता म्हणायचा.

तळमळ आणि काम यांच्यामधली ही फट ऑनलाइन बोलण्यात जास्त रुंद होते, कारण बोलणं लिखित असतं आणि लिहिलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. ऑनलाइन ग्रुपला हौसेने चावडी म्हणतात. मला हे नाव पटत नाही. चावडीत दप्तर असायचं. कुणाच्या नावावर काय, कुणी काय द्यायचं बाकी, याची नोंद राहायची. दप्तर नसलेली जागा म्हणजे पार. आपले ग्रुप हे पार आहेत, तिथली गोष्ट वाऱ्यावर जाते. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी टाकलेला हेल्पलाइन नंबर यंदा शोधून सापडत नाही, आणि काही ग्रुपांवर तर मेसेज सात दिवसांत आपोआप पुसले जातात. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट ही साइट काढली. तिची हुशारी मला तंत्रात नाही, दप्तरात दिसते. खड्डा नकाशावर दाखवायचा, तक्रार आपोआप योग्य पालिकेकडे जाते, सगळ्यांना दिसेल अशी तिथेच राहते, आणि चार आठवड्यांनी साइट स्वतःहून विचारते, झालं का काम? 'झालं का' हे विचारणारं कुणीतरी असणं, एवढाच काय तो फरक.

त्या फजितीनंतर आम्ही ग्रुपवर एक गोष्ट सुरू केली. 'कुणीतरी तक्रार करा' असं लिहायला बंदी. लिहायचं तर नाव घालून : 'तू करतेस का? गुरुवारपर्यंत?' हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही, दोन्ही चालतं. तक्रार क्रमांक मिळाला की तो ग्रुपच्या वर पिन करायचा, आणि काम होईपर्यंत काढायचा नाही. वाढदिवस त्याच्या खाली. ॲडमिनने पहिल्यांदा कुरकुर केली, "ऑफिस करून टाकलंत रे ग्रुपचं." पण पहिला क्रमांक त्यानेच पिन केला, आणि नवव्या दिवशी "काय गं, काही हालचाल?" असं विचारणाराही तोच. पक्षाचं नाव घेऊ नका ही त्याची अट मी मान्य केलीय, गटाराचं नाव घेऊ नका ही त्याने सोडलीय.

झाकण बसलं. फायबरचं आहे, करड्या रंगाचं. मैत्रिणीने फोटो टाकला, शेजारी बाबांची काठी. रस्त्यांच्या कामातल्या मित्राने तो मोठा करून बघितला असावा, कारण दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला : चौकट नवी नाही बसवली, जुनीच वळवून ठेवलीय, डाव्या कोपऱ्यावर पाय देऊ नका. वकिलीणबाईंनी विचारलं, "पुन्हा लिहायचं?" मैत्रीण म्हणाली, "मी लिहिते. सोमवारपर्यंत."